‘बाहेर’ कोण म्हणालं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी मी हे घरातही बोलत नाही. काम तसं किरकोळ होतं. कुणाकडून तरी स्वस्तात आलेली जुनी गाडी, सुरू केली की किंचाळायची. भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, बॉनेट उघडून इंजिनाचा बेल्ट मुरडून दाखवला. आतून भेगाच भेगा. नवा घालायचा, ताण बघायचा, झालं.

आमच्या गॅरेजात एक शिरस्ता आहे. बॉनेटखाली भावजी, किल्लीवर मी. उघड्या बॉनेटमुळे ते मला दिसत नाहीत, म्हणून मी विचारतो, “हात?” ते म्हणतात, “बाहेर.” मगच किल्ली फिरते.

त्या संध्याकाळी धुकं पार दारापर्यंत आलं होतं. नवा बेल्ट चढवून इंजिन सुरू केलं, तर अजून ढिला. बंद केलं. भावजी पुन्हा वाकले. जळक्या रबराचा वास काही केल्या जाईना. पान्याचा आवाज येत होता, तो थांबला.

“भावजी, हात?”

“बाहेर.”

मी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही.

“अरे... मी बोललोच नाही,” भावजी कुजबुजले. “माझ्या कानाजवळून कुणीतरी... माझा हात आत आहे.”

मी उतरून पुढे धावलो. त्यांची बोटं बेल्ट आणि पुलीच्या मधे होती, सगळी शाबूत. बॅटरीची तार निघून बाजूला पडली होती. मघाशी त्याच तारेवर इंजिन सुरू झालं होतं, आणि ती मीच घट्ट आवळली होती.

त्यांचा हात धरून मी रडलो. ताईला काय तोंड दाखवलं असतं?

“रडतोस काय? आहेत ना सगळी?” ते म्हणाले. “चहा टाक आधी.”

चहा घेतला, तार जोडली, ताण बसवला. या खेपेला भावजींना शेजारच्या सीटवर बसवूनच किल्ली फिरवली. इंजिन इतकं गुळगुळीत फिरलं की दोघंही हसत सुटलो. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात समोरचं बॉनेट सावकाश खाली आलं. कुणीतरी जपून लावावं तसं. पुढे कुणीच नव्हतं. पत्र्यावर ग्रीसचे दोन ओले पंजे उमटले होते. उजवा पुरा. डाव्याला दोनच बोटं.

तार त्यानेच काढली, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलंय. मग ‘बाहेर’ कोण म्हणालं, हा विषय भावजी काढू देत नाहीत.