चटईवरची मोकळी जागा

पांढरं जहाज आलं की आमच्या बेटावर कोणी हसत नसे, म्हातारी कात्रीन सोडून. "आले गं, आपलं मूत मागायला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. "केवढ्या लांबून येतात बिचारे!"

मी बेटावरच्या दवाखान्यात नर्स होते. जहाजाचे डॉक्टर दरवर्षी यायचे, रक्त-लघवी घ्यायचे, गळे चाचपायचे, फोटो काढायचे. औषध मागितलं की म्हणायचे, आम्ही फक्त तपासायला येतो.

आम्ही लहान असताना एका पहाटे पश्चिमेला सूर्य उगवावा तसा उजेड झाला होता. मग आभाळातून पांढरी भुकटी पडली. आम्ही पोरींनी ती एकमेकींच्या तोंडाला फासली. संध्याकाळी कातडी भाजल्यासारखी सुटायला लागली. तो उजेड बाँबचा होता. ज्यांनी तो फोडून बघितला, त्या जहाजवाल्यांनीच आम्हाला दुसरीकडे हलवलं आणि काही वर्षांनी "आता सगळं स्वच्छ आहे" म्हणून परत आणून सोडलं.

लिबारे माझ्याबरोबर त्या भुकटीत खेळली होती. परत आल्यावर तिला मुलगी झाली. बाळंतपण मीच केलं. पोरीच्या अंगात हाड म्हणून नव्हतं. कातडी इतकी पातळ, की आतलं काळीज हलताना दिसत होतं. थोड्याच वेळात तेही थांबलं. जहाज तेव्हा किनाऱ्याला होतं. डॉक्टर रेडफील्डनी पोरीला काचेच्या बरणीत घालून नेलं. तपासून परत देऊ म्हणाले. नाही दिलं. लिबारे दरवर्षी मागायची आणि ते दरवर्षी मान हलवायचे.

पोर गेल्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. एक दिवस लिबारे दवाखान्यात येऊन म्हणाली, "घरात भुकटी पडतेय."

कुणीतरी चुन्यासाठी प्रवाळ भाजत असेल असं मला वाटलं. जाऊन बघितलं तर तिच्या केवड्याच्या चटईवर पांढरा थर होता. छप्पर धड होतं. वारा नव्हता. चिमटीत घेतली तर भुकटी कोमट लागली. थराच्या मधोमध मात्र चटई मोकळी, स्वच्छ. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन कुणी लहान मूल निजावं, तेवढीच जागा.

मी चटई झटकली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन तिच्यापाशी बसूनच राहिले. काही पडलं नाही. कोंबडी हाकलायला मी मान वळवली, तेवढ्यात थर पुन्हा जमला होता. मधली जागा तशीच मोकळी.

महिन्यामहिन्यानं ती जागा वाढत गेली. मी वितीनं मोजायचे आणि कुणाला सांगायचे नाही.

"उंच होतेय," लिबारे म्हणाली. इतर आया फ्रॉक आखूड झाल्याची तक्रार करतात, अगदी तशी.

त्या वर्षी जहाज आलं तेव्हा चर्चसमोरच्या नीरफणसाखाली टेबल मांडलं गेलं. लिबारेनं हात पुढे केला नाही.

"आधी माझी पोर द्या."

रेडफील्ड माझ्याकडे वळले. "तिला सांग, तो नमुना आता सरकारचा आहे."

मी टेबलावरच्या रक्ताच्या नळ्या सरळ करत राहिले.

"काय म्हणतो गं तो?"

"म्हणतो, पोर तुझी नाही."

लिबारेनं टेबल उलटवलं. नळ्या फुटल्या, सगळ्यांचं रक्त वाळूत गेलं. कात्रीन ओरडली, "बरं झालं! आता स्वतःचं काढा म्हणावं!" लिबारेनं डॉक्टरांचं मनगट धरलं आणि त्यांना घरापर्यंत ओढत नेलं. मागून मी.

चटई बघून ते हसले. "चुना आहे." नमुना घ्यायला खिशातून डबी काढून ते बुटांसकट चटईवर चढले.

"पाय काढ!" लिबारे किंचाळली. "निजलीय ती!"

त्यांचा पुढचा पाय त्या मोकळ्या जागेवर पडला.

जमिनीला टेकला नाही.

मऊ काहीतरी तुडवल्यासारखा त्यांचा तोल गेला. त्यांनी खाली बघितलं. मीही बघितलं. बूट चटईपासून चार बोटं वर होता.

डबी तिथंच टाकून ते बाहेर पळाले.

मी परत चटईकडे बघितलं. भुकटी आता सगळीकडे सारखी पसरली होती. मोकळी जागा कुठंच नव्हती.

लिबारे धक्क्याच्या टोकाशी उभी राहिली. होडी जहाजाला लागली, माणसं वर चढली, जहाज निघालं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"गेली?" मी विचारलं.

"जाऊ दे. तिचं अंग तिकडं आहे. मागेल ती. मी मागून दमले."

मी खाली बघितलं. धक्क्याच्या फळ्यांवर रेडफील्डच्या बुटांचे पांढरे ठसे होते. लांब लांब, जीव घेऊन पळणाऱ्या माणसाचे. त्यांच्या शेजारून आणखी एक ओळ थेट पाण्यापर्यंत गेली होती. लहान, अनवाणी पावलं. पाचही बोटं नीट उमटलेली.

ती पावलं जवळ जवळ होती. अजिबात घाई नसल्यासारखी.