साहेब मागून येताहेत

हॉटेल कसं निवडायचं, एवढंच तू विचारलंस. पुढच्या आठवड्यापासून माझी फिरती तुझ्याकडे येतेय, तेव्हा विचारलंस ते बरंच केलंस. बस, चहा घे. दिवे लागायला अजून वेळ आहे आणि तोवर मला थांबता येतं.

फोटो बघून हॉटेल घेऊ नकोस. फोटोत सगळ्याच गाद्या टम्म फुगलेल्या असतात. तळमजल्यावरची खोली नको, रस्त्यावरचा कोणीही आत डोकावतो. खोल्यांमधल्या बोळाच्या टोकाची तर नकोच, तिथे ओरडलीस तरी भिंतीच ऐकणार. लिफ्टजवळची घे. खडखडाट होतो, पण आल्यागेल्याची चाहूल लागते. आत गेलीस की आधी दाराची साखळी बघायची, मग पलंग. काउंटरवरच्या माणसाने खोलीचा नंबर चारचौघांत मोठ्याने सांगितला, तर सरळ दुसरी खोली मागायची. त्यात लाजायचं काही नाही.

आणि एक गोष्ट मी करायचे, ती तू करू नकोस. खरं तर तीच सांगायला तुला बसवून घेतलं.

आमचे हे गेले तेव्हा मला काही वाटलं नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, रडू द्या तिला. मीही वाट पाहिली, पण रडू आलं नाही. दाढ काढल्यावर जीभ सारखी त्या जागेवर जाते आणि हिरडी मात्र बधिर असते ना, तसं काहीसं होतं. यांनी मला कधी मारलं नाही, आवाजही चढवला नाही. फक्त दारात उभे राहायचे. कुठे निघालीस, बरोबर कोण आहे, परत कधी येणार. परत आले की पुन्हा तेच, बरोबर कोण होतं. मग आतून साखळी लावायचे आणि म्हणायचे, "आता कसं घरासारखं वाटतं." माझ्या मैत्रिणी हळूहळू यायच्या बंद झाल्या. मग माझंही बाहेर पडणं ऑफिसपुरतं उरलं.

हे गेल्यावर मी ऑफिसात वरिष्ठांच्या मागे लागून फिरतीचं काम मागून घेतलं. इस्पितळांतले वजनकाटे तपासायचे, तान्ह्या बाळांचे, रोग्यांचे, औषधांचे. ती पितळी वजनांची पेटी आता तुझ्या खांद्याला येईल. थोड्याच दिवसांत हाताला वजन कळायला लागतं, बघ. नवं शहर, नवी खोली, आणि दाराची साखळी माझी मी लावायची. आनंद झाला असं म्हणणार नाही, आनंदबिनंद तेव्हा होत नव्हता. पण श्वास पुरता घेता यायचा. तेवढंच माझं होतं आणि ते मला हवं होतं.

पण बाई एकटी आहे म्हटलं की काउंटरमागच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. एका ठिकाणी तर मी खोलीत गेल्यापासून दार वाजत राहिलं. टॉवेल हवा का, पाणी हवं का, एकट्याच आहात ना. पुढच्या फिरतीला मी यांचे काळे बूट पिशवीत टाकले. नणंद म्हणाली होती, देऊन टाक कोणाला तरी. ते राहूनच गेलं होतं, प्रेमाने नव्हे, आळसाने. काउंटरवर म्हणायचं, "साहेब मागून येताहेत." आणि बूट खोलीच्या दाराबाहेर ठेवायचे, टोकं बोळाकडे करून. जन्मभर दारात उभे राहून माझी वाट अडवलीत, आता जरा पहारा द्या, असं मनात म्हणायचे आणि स्वतःशीच हसायचे. युक्ती लागू पडली. नंतर कोणी दार वाजवलं नाही.

मग जाईन त्या शहरात मी तेच म्हणत गेले. साहेब मागून येताहेत. आपण कोणाला बोलावतोय, हे डोक्यातही आलं नाही.

ते हॉटेल चांगलं होतं. पांढऱ्या चादरी, जाड पडदे, लिफ्टला लागून खोली. इस्पितळातलं काम लवकर आटोपलं आणि मी भर दुपारी परत आले. बोळात झाडणारी बाई आपली गाडी घेऊन उभी होती. मला बघून तिने तोंडावर बोट ठेवलं.

"तुमची खोली राहिलीय, ताई," ती कुजबुजली. "साहेब झोपलेत."

"कोण साहेब?"

"तुमचेच की. दार वाजवलं तर म्हणाले, नंतर या... बायको बाहेर गेलीय, ती आली की या."

ती गाडी ढकलत निघून गेली. चाकांचा आवाज बराच वेळ येत होता, मग तोही थांबला. भिंतीतली लिफ्ट वर गेली, खाली आली. मी दार उघडलं. आत कोणी नव्हतं. पडदे ओढलेले होते, सकाळी मी ते उघडून गेले होते. पलंगावर मी खिडकीकडच्या बाजूला झोपले होते. दाराकडची उशी मधोमध दबलेली होती. खोलीला बुटाच्या पॉलिशचा वास येत होता, आणि त्याखाली आणखी एक, यांच्या कपाटातला.

तू विचारशील, भीती नाही वाटली? नाही वाटली. माझ्या आत काही हललंच नाही. तेच आता सगळ्यात वाईट वाटतं.

बाहेर येऊन बूट पाहिले. त्यांची टोकं दाराकडे वळली होती. बाईने झाडताना हलवले असतील, असं म्हणून उचलले, तर हाताला कळलं, सकाळपेक्षा जड आहेत. आत हात घातला. गरम होते, नुकतेच पायांतून निघाल्यासारखे.

ते बूट मी हॉटेलच्या मागच्या कचऱ्याच्या पिंपात टाकले, वरून झाकण दाबलं आणि तसंच शहर सोडलं.

पुढच्या शहरात मुद्दाम मोठं हॉटेल घेतलं. खाली दिव्यांचा लखलखाट, माणसांची ये-जा, बाहेर स्वच्छ ऊन. काउंटरवर तुझ्याच वयाची मुलगी होती. जे बाईने कधी म्हणू नये, ते मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

"मी एकटीच आहे. मागून कोणी येणार नाही."

मुलगी पुढे वाकली. "मॅडम... एवढ्या मोठ्याने नका सांगू. कोण कसं असतं..." पोर भली होती. तिने न मागता लिफ्टजवळची खोली दिली आणि नंबर न उच्चारता किल्ली माझ्या हातात ठेवली. अगदी हवी तशी खोली.

वर बोळात गालिचा होता, माझीच पावलं मला ऐकू येत नव्हती. खोलीच्या दाराबाहेर जमीन मोकळी होती. बूट नव्हते. मला बरं वाटलं. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, म्हणून लक्षात आहे. किल्ली फिरवली, दार ढकललं. ते चार बोटं उघडलं आणि अडलं.

आतून साखळी लावलेली होती.

फटीतून पॉलिशचा वास आला. आत अंधार होता.

"कोण आहे...?" मी विचारलं.

मी खाली पळायला हवं होतं. खाली एवढी माणसं होती. पण पाय हलले नाहीत, आणि ते घाबरून नव्हे. इतकी वर्षं मी दार उघडायची वाट बघत अशीच उभी राहिले होते, पायांना तेवढंच ठाऊक होतं. साखळी काढायची तर दार आधी लोटावं लागतं, माहीत आहे ना? ते दार आतून सावकाश लोटलं गेलं. मग साखळी सरकल्याचा आवाज आला.

त्यानंतर मी फिरती सोडली.

ऑफिसात सगळे विचारतात, घरी तर कोणी नाही, मग संध्याकाळ झाली की एवढी कसली घाई. मी हसते. ते बूट आता माझ्या घरी दाराशी असतात. मी ते आणले नाहीत. मी त्यांना हातही लावत नाही, पण त्यांच्यावर धूळ बसत नाही.

तर तू काउंटरवर काहीही सांग. भाऊ खाली गाडी लावतोय म्हण, ऑफिसची माणसं शेजारच्या खोलीत आहेत म्हण. जिवंत माणसांची नावं घे. जो येऊ शकत नाही, त्याला येतोय म्हणू नकोस.

चला, दिवे लागायला आले, मी निघते. नको, तू फाटकापर्यंतही येऊ नकोस. घरी गेले की हे विचारतात, बरोबर कोण होतं.