गायरानाच्या हद्दीचा दगड

दगड नाहीसा झाल्यानं शेषेरावाचा काय फायदा होणार होता, हे सांगायला हिशेबनीस लागत नव्हता. एक विहीर. तीही चैत्रात पाणी टिकवणारी.

निलंग्याकडच्या शिरजळवाडीत शेषेरावाचं रान संपतं तिथं सरकारचं गायरान सुरू होतं. मधे हद्दीचा दगड. दगडाच्या पलीकडं, गायरानात, ती विहीर. बौद्ध वस्तीतली सगळी घरं तिच्यावर तगलेली. दगड उभा आहे तोवर विहीर गावाची. दगड गेला की ज्याचा आवाज मोठा त्याची. आणि शेषेरावाचा आवाज असा, की लग्नात लाऊडस्पीकर बंद पडला तरी अडू नये.

सकाळी पाण्याला आलेल्या धम्मप्रियाला दगडाच्या जागी ताजा खड्डा दिसला. तिनं घागर खाली ठेवली आणि मंडळ अधिकाऱ्याला फोन लावला.

मंडळ अधिकारी गुरुपादप्पा जाडजूड, जेवणाचे शौकीन आणि निवृत्तीला आलेले. ते पोचले तेव्हा खड्ड्याच्या एका काठाला शेषेराव, दुसऱ्या काठाला धम्मप्रियाचा नवरा अश्वजित, आणि मधे सरपंच व्यंकटराव दोन्ही हात पसरून उभे.

"सायेब, ह्यो अश्वजितच!" शेषेराव गरजला. "गायरानात तूर पेरून बसलाय. दगड सरकला की ह्याचं रान वाढलं."

"मी दगड उचलीन आणि माझ्याच बायकोला तक्रार करायला लावीन व्हय?" अश्वजित म्हणाला. "डोकं वापरा की जरा, काका."

"बाई, दगड कसा होता?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"माझ्या कमरेएवढा," धम्मप्रिया म्हणाली. "सडपातळ. पोटावर उर्दूत आकडे कोरलेले. निजामाच्या वक्ताचा हाय म्हणत्यात."

"खड्डा आहे म्हणजे हद्द इथंच होती. वाद कशाला?"

"खड्डा कुणीबी खणतंय, सायेब," शेषेराव म्हणाला. "माझा दगड विहिरीच्या पल्याड होता. आता दगडच न्हाई तर खोटं ठरवणार कोण?"

शेषेराव धडधडीत खोटं बोलत होता. पण खोटं बोलणारा चोरच असतो असं नाही. कधी कधी तो नुसता संधी साधून घेतो.

गुरुपादप्पा गुडघ्यावर बसले. खड्ड्याच्या तळाशी माती पहारीनं नीट दाबलेली. तिच्यावर हळदकुंकू, आणि फोडलेल्या नारळाची ओली करवंटी.

त्यांनी करवंटी रुमालात गुंडाळून खिशात टाकली.

दुपारी तहसीलचा हुकूम आला. मोजणी होईपर्यंत परिस्थिती जैसे थे. विहिरीच्या मोटारीला कुलूप, पाणी कुणीच काढायचं नाही. मोजणीची तारीख पार उन्हाळ्यातली. पोलिसांनी चौकशीसाठी अश्वजितला दिवसभर ठाण्यात बसवून घेतलं. शेषेरावाला बसायला खुर्ची दिली.

"वस्तीनं काय प्यायचं?" धम्मप्रियानं विचारलं.

"मी हाय की," व्यंकटराव म्हणाले. "पंचायतीकडनं टँकर लावतो. भांडणं नकोत आपल्या गावात."

टँकर त्याच संध्याकाळी आला. सरपंचांच्या जावयाचा होता. लोकांनी व्यंकटरावांचं कौतुक केलं. ज्या जिल्ह्यात टँकरच्या अर्जावर सही होईतो पावसाळा येतो, तिथं हे कौतुक व्हायलाच हवं होतं.

येळवस तोंडावर आली होती. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला लातूरकडची गावं ओस पडतात. सगळे शेतात. ज्वारीच्या कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगड पांडव म्हणून चुन्यानं रंगवून पुजायचे, आणि भज्जी, उंडे, आंबील यांवर आडवा हात मारायचा. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून बसवायचं. त्या दिवशी वैऱ्यालाही परत धाडत नाहीत.

गुरुपादप्पांनी व्यंकटरावांना फोन केला.

"औंदा तुमच्याकडं येळवस करावी म्हणतो, सरपंच."

व्यंकटरावांनी घाईनं उत्तर दिलं.

"अप्पा, तुम्ही कशाला उन्हातान्हाचं शेतात येता? तुमचं वय काय, तब्येत काय. मी डबा घरी पाठवून देतो. भज्जी दोन डबे."

"बरं," गुरुपादप्पा म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना लाचेचा डबा आला होता, दमदाटीचा निरोप आला होता. पण येळवशीला 'शेतात येऊ नका' असं कुणी म्हटलं नव्हतं.

येळवशीच्या दिवशी ते आधी शेषेरावाच्या शेतात गेले. कोपीतले पाच दगड नारळाएवढे, बुटके. दरसालच्या चुन्याचे पापुद्रे सुटलेले. कमरेएवढा एकही नाही.

"काय बघालाव, सायेब? बसा, जेवा!"

"जेवायला बांध ओलांडून सरपंचांकडं जाऊ. तूही चल. वाटेत अश्वजित आणि धम्मप्रियालाही घेऊ."

"त्यांना कशाला?"

"येळवस आहे, शेषेराव. आज असं विचारायचं नसतं."

चौघांना बांधावरून येताना पाहून व्यंकटराव उठून उभे राहिले. हसले. पण पाय कोपीच्या दारात रोवलेले.

"अप्पा! डबा पाठवला होता की."

"मिळाला. गरम नव्हता." गुरुपादप्पा त्यांना अंगानंच बाजूला सारून आत वाकले. आत सरपंचांच्या आई, धुरपताबाई, नैवेद्य मांडत होत्या.

पाच पांडव. चार बुटके, पापुद्रे सुटलेले. पाचवा उंच, सडपातळ, निम्मा मातीत पुरलेला. त्याच्यावरचा चुना लोण्यासारखा ताजा आणि जाड.

"माय, हा धर्मराज भलताच वाढला की!"

"औंदाच आणलाय लेकानं," म्हातारी कौतुकानं म्हणाली. "जुना फुटला म्हणं. म्या म्हणलं, एवढा लांबडा कशाला? तर म्हणतो, असू दे, हात लावू नको."

"आई, तू गप बस," व्यंकटराव म्हणाले.

गुरुपादप्पांनी तांब्या उचलला, डोळे मिटून नमस्कार केला आणि सगळं पाणी त्या उंच दगडावर ओतलं. मग रुमालानं त्याचं पोट पुसलं. चुना ओघळला. खाली छिन्नीनं कोरलेले उर्दू आकडे उघडे पडले.



"हस्तिनापुरात उर्दू कधी आलं, सरपंच?"

"मला... गड्यानं कुठनं तरी आणून ठेवला आसंल."

"गड्यानं? मग ऐका." गुरुपादप्पा कडब्यावर टेकले. "खड्ड्यात हळदकुंकू आणि नारळ होता. चोरानं दगडाची माफी मागितली होती. अश्वजितच्या घरी दगडापुढं नारळ फुटत नाही, म्हणजे तो सुटला. राहिला शेषेराव. त्याला विहीर हवी होती. पण चोरी उघडी पडली त्या दिवसापासून विहिरीला कुलूप आहे आणि त्यालाही थेंब मिळत नाही. भांडणाचं पाणी मिळालं एकालाच, टँकरवाल्याला. टँकर त्याच संध्याकाळी आला. इतक्या लवकर टँकर त्याचाच येतो, ज्याला कुलूप लागणार हे आधीच ठाऊक असतं."

"ह्यो संशय झाला, अप्पा. पुरावा न्हवं."

"खरंय. म्हणून तर मी जेवायला येतो म्हणालो. तुम्ही म्हणालात, येऊ नका. सरपंच, या मुलखात येळवशीला पाहुण्याला शेताबाहेर ठेवणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. तेव्हाच समजलं की शेतात काही तरी आहे."

अश्वजित पुढं झाला. "पण फोडून का न्हाई टाकला? विहिरीत का न्हाई ढकलला?"

व्यंकटराव खाली बसले. बरोबरीनं बसायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं बसणं पडल्यासारखं दिसलं.

"पहार उगारली होती," ते म्हणाले. "हात चालला न्हाई. हद्दीचा दगड फोडला तर वंश... आज्जा सांगायचा. मग वाटलं, देवात बसवावा. देवाला कोण हात लावतंय? आणि येळवशीला सगळ्या शेतात माणसं असत्यात, लपवायला दुसरी जागा कुठं हाय?"

"म्हंजे वस्तीचं पाणी तोडताना हात चालला," धम्मप्रिया म्हणाली, "आणि दगडाला मात्र भ्यालात."

धुरपताबाईंनी दगडापुढचा नैवेद्य उचलला. क्षणभर त्यांना तो कुठं ठेवावा कळेना. मग त्यांनी ताट धम्मप्रियाच्या हातात दिलं आणि पदर तोंडाला लावला.

शेषेराव खाकरला. "चोर सापडला, बेस झालं. पर माझं म्हणणं तेच हाय, सायेब. विहीर माझ्याकडंच. मोजणी होऊ द्या."

"लाज?" अश्वजितनं एवढंच विचारलं.

"लाजंनं भुईमूग भिजत न्हाई, बाबा."

पोलीस आले, पंचनामा झाला. दगडाला चिठ्ठी बांधून जीपमध्ये चढवलं. मुद्देमाल. गुरुपादप्पांनी तहसीलला लिहिलं, खड्ड्यात दगड बसवून पाहावा, हद्द तिथंच सिद्ध होते. उत्तर आलं, खटला निकाली निघेपर्यंत मुद्देमाल हलवता येत नाही, आणि मोजणी झाल्याशिवाय कुलूप काढता येत नाही.

आता कोणी काय भरलं ते पाहा. व्यंकटरावांनी जामीन भरला आणि दुसऱ्या दिवशी सुटकेच्या सत्काराचा फेटा बांधून फिरले. जावयाचा टँकर शेजारच्या तालुक्यात लागला. शेषेरावानं मोजणीची फी भरली, आशेवर. अश्वजितची ठाण्यात बुडालेली मजुरी कुणीच भरून दिली नाही. गुरुपादप्पांना पुढच्या येळवशीला आता कुणी आमंत्रण देणार नव्हतं. त्यांच्यासाठी हा दंड जबर होता.

आणि वस्तीत आता टँकरही येत नव्हता. उन्हं चढायच्या आत धम्मप्रिया कुलूपबंद विहिरीवरून पुढं निघायची, डोक्यावर दोन घागरी, खालच्या अंगाला ओढ्याच्या झिऱ्याकडं. चोर सापडल्याची किंमत रोज सकाळी तीच भरत होती.