बोटांवर आलेला रंग

उष्मादर्शी चष्मा आल्यापासून उष्णतेचे वहन नुसते फळ्यावर शिकवावे लागत नसे. थंड वस्तू त्यातून निळी दिसे, तापेल तशी पिवळी आणि मग लाल. चंद्रपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापिका डोंगरवार यांनी तांब्याच्या कांबीचे एक टोक हीटरमध्ये बसवले आणि मुलांना चष्मे लावायला सांगितले.

"दुसऱ्या टोकाला एकानं करंगळी टेकवा. चटका बसायला लागला की लगेच काढायची. उष्णता कशी सरकते ते बाकीच्यांनी बघा."

निशांत बोरकुटे पुढे झाला. पिवळा रंग कांबीतून सरकत आला आणि त्याच्या करंगळीत शिरला. पिवळ्याचा लाल झाला. निशांत कौतुकाने बघतच राहिला.

"काढ ना बे, हिरो!" त्याच्या खोलीत राहणारा चेतन ओरडला. मुले हसली.

मॅडमनी झडप घालून त्याचा हात मागे ओढला आणि नळाखाली धरला. करंगळीवर फोड उठत होता.

"दुखत नव्हतं तुला?"

"नाही, मॅडम. अजूनही नाही." हे बोलताना मात्र त्याचा चेहरा उतरला.

मॅडम आणि चेतन त्याला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी कोपराजवळची जाड झालेली नस चाचपली, दंडावरचा फिकट चट्टा पाहिला.

"कुष्ठरोग आहे. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागतही नाही. फक्त बोटांतली जाणीव परत येईल की नाही, ते आज सांगता येणार नाही."

संध्याकाळी चेतनने आपली गादी दुसऱ्या खोलीत हलवली. मग बातमी पसरायला वेळ लागला नाही. मॅडमनी डॉक्टरांचे म्हणणे वर्गात दोनदा समजावून सांगितले. मुलांनी माना डोलावल्या. निशांतच्या बाकावर मात्र कुणी बसले नाही.

आठवडाभराने तो बॅग घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये आला.

"घरी जातो, मॅडम. गोळ्या तिकडेही मिळतात."

"हे वाईट झालं, निशांत. पण आत्ता कळलं म्हणून तुझा हात वाचेल रे."

"ते खरं आहे. पण असं सगळ्या वर्गासमोर कळायला नको होतं." तो दाराशी घुटमळला. "मी ताटात टाकलेलं आई खाते, मॅडम. सांगितल्यावरही खाईल?"