सुई कोणी उचलली?

डेंटिस्ट आपल्या लाडक्या खुर्चीत मरून पडला होता, दोन्ही स्पीकरांपासून अगदी सारख्या अंतरावर. मेला तरी माणसाने जागा सोडली नव्हती.

डोक्यामागे खोल जखम. पायाशी रेकॉर्डवर ठेवायचं पितळी वजन, रक्ताने माखलेलं. धरायची बाजू तेवढी पुसलेली.

इन्स्पेक्टरबाईंनी खोलीवर नजर फिरवली. दार फोडलेलं नव्हतं. अँप्लिफायर चालू, त्याच्या काचेच्या नळ्या लालभडक. सुई मात्र आपल्या जागी, आणि शेजारी कव्हरात घातलेली एकच रेकॉर्ड. कव्हरावर कमरेवर हात ठेवून नाचणारी बाई.

बाईंनी रेकॉर्ड ओढली. निघेना. कव्हराचं तोंड बाजूला, पण आतल्या कागदी पिशवीचं तोंड वर होतं. मग त्यांनी कपाटातल्या चारदोन रेकॉर्डी काढून पाहिल्या. सगळ्या बाजूने सरळ हातात आल्या.

"लगेच नाही गेला," डॉक्टर म्हणाले. "बराच वेळ श्वास चालू असणार. कोणी फोन केला असता, तर कदाचित वाचला असता."

घराची किल्ली बायकोकडे आणि वरच्या मजल्यावरच्या भाच्याकडे. बायको दुपारी पोहायला गेलेली, तिथे तिला दहाजणांनी पाहिलेलं. भाचा घरी एकटा झोपलेला. हवालदाराने मनातल्या मनात भाच्याला दोषी ठरवलंच होतं.

त्यात भर घालायला कानसेन हजर. डेंटिस्टचा जुना मित्र, त्यांच्या श्रवणमंडळाचा अध्यक्ष. नुसत्या आवाजावरून वायर ओळखतो, अशी ख्याती.

"मॅडम, ह्या पोराच्या गाडीत काय वाजतं ऐकलंत? नुसता धडधडाट! असल्यांना माणसाचं काय वाटणार?"

"ही रेकॉर्डही त्याचीच?"

"मग? आमचा डेंटिस्ट फक्त व्हायोलिन ऐकायचा. असल्या गाण्याला मी हातसुद्धा लावणार नाही."

बायको कोपऱ्यातून म्हणाली, "ह्यांचीच आहे ती. व्हायोलिन तुम्ही आलात की. एकटे असले की ही लावायचे आणि पाय आपटायचे. माझ्या मांडणीवरच्या वाट्या नाचायच्या."

कानसेनाने दात दुखल्यासारखं तोंड केलं.

बाईंनी भाच्याला बाजूला घेतलं. "तुझ्या मामांचं कोणाशी वाकडं होतं?"

"वाकडं नाही. गंमत केली होती त्यांनी. कानसेनकाकांना म्हणाले, पडद्यामागे नवे परदेशी स्पीकर आहेत. काका डोळे मिटून तासभर बोलत होते. गायिकेचा श्वास काय, तिच्या ओठांचा ओलावा काय!"

"आणि पडद्यामागे?"

"मामीचा स्वयंपाकघरातला डबडा स्पीकर. काकांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. रविवारी सगळ्या मंडळाला सांगणार होते."

बाई खोलीत परतल्या. त्यांनी ती नाचाची रेकॉर्ड लावली आणि सगळ्यांना बसवलं. गाणं दणाणलं. मामी रडली, भाचा खाली बघत राहिला. गाणं संपलं. सुई शेवटच्या खाचेत फिरू लागली. खर्र... टक. खर्र... टक.

कोणी हललं नाही. कानसेनाची बोटं मांडीवर वळवळली. मग तो उठलाच. सुई अलगद उचलली, ब्रशने साफ केली. रेकॉर्ड कडेला धरून पिशवीत सरकवली, पिशवीचं तोंड वर करून कव्हरात घातली.

"असं का घालता?" बाईंनी विचारलं.

"धूळ जात नाही. डेंटिस्ट आळशी, कितीदा सांगितलं तरी..."

तो थांबला.

"तरी आडवीच घालायचा," बाई म्हणाल्या. "म्हणजे ही त्याने आत ठेवली नाही. भाचा फोनवर गाणी ऐकतो, त्याला पिशवीचं तोंड कुठे ठाऊक? दार डेंटिस्टनेच उघडलं, तुम्हाला. तुम्ही विनवलंत, सांगू नको. तो हसला, खुर्चीत बसला आणि मुद्दाम हेच गाणं लावलं. तुम्ही मागून डोक्यात वजन घातलंत. गाणं संपलं, सुई खरखरायला लागली. पळायचं सोडून तुम्ही तिची काळजी घेत बसलात. ज्या गाण्याला हात लावणार नव्हता, त्याचीसुद्धा."

"दोन्ही आवाज एकदम येत होते," कानसेन पुटपुटला. "तो घरघरत होता, सुई खरखरत होती. सहन होईना."

"फोन समोर होता. थांबवलंत काय, तर सुई."

हवालदाराने बेड्या काढल्या. कानसेनाने मुकाट्याने हात पुढे केले. दारापाशी मात्र वळला. "तेवढा अँप्लिफायर बंद करा. नळ्या जळतील."

मामी उठली. रेकॉर्ड काढून प्लेअरवर आपटली आणि सुई वरून सोडली. करकरत ओरखडा उमटला.

बेड्या पडताना न कळवळलेला माणूस तेव्हा किंचाळला.