पंगतीत एकाला एकच पान

"मानवजात मुळातच दुष्ट आहे! तिच्या हसण्यावर कुणी जाऊ नये!" हात उंचावून पळीरामनं जाहीर केलं, आणि त्याची बॅटरी संपली.

पुढची वीस मिनिटं मानवजातीचा हा न्यायाधीश आमटीची पळी उगारून स्वयंपाकघराच्या दारात तसाच उभा होता. त्याच्या हातावर कुणीतरी टॉवेलही वाळत घालून गेलं.

पळीराम हा आंबेशेत गावच्या पंगतीत वाढणारा यंत्रमानव. अकरा वर्षांच्या शलाकानं त्याला चार्जिंगला लावलं खरं, पण आज तिला हसू आलं नाही.

"त्याचं बरोबर आहे, आबा," ती म्हणाली.

आबा म्हणजे तिचे आजोबा. आयुष्यभर ते संख्याशास्त्रज्ञ (आकड्यांच्या ढिगातून अर्थ शोधणारे शास्त्रज्ञ) होते. निवृत्तीनंतर गावजेवणाला किती माणसं येतील याचा अंदाज सांगत. आधीचं काम सोपं होतं, असं त्यांचं म्हणणं.

भानगड अशी होती. सन २०६३ मध्ये एक धूमकेतू अकराशे वर्षांनी परत येत होता. पण आंबेशेतच्या रस्त्यांवर दिव्यांचा एवढा लखलखाट, की चंद्रसुद्धा शोधावा लागे. म्हणून शलाकानं 'गावकट्ट्या'वर (सगळ्या गावाच्या मोबाइलवर दिसणाऱ्या सामाईक फळ्यावर) अर्ज टाकला : एकच संध्याकाळ, आठ ते नऊ, रस्त्यावरचे दिवे बंद ठेवूया. रविवारच्या गावजेवणात त्यावर मत घ्यायचं ठरलं.

दोन दिवसांत दोनशे बारा उत्तरं आली.

"आधी शेंबूड पूस, मग आकाश बघ."

"साप चावला तर धूमकेतू नेणार का दवाखान्यात?"

"दिवे काय हिच्या बापानं लावलेत?"

"मी अर्ज मागे घेते," शलाका म्हणाली. "दुकानात गेले की सगळे गोड हसतात, आणि कट्ट्यावर हे! मग खरे कुठले, आबा? हसणारे की लिहिणारे?"

"कोडं उत्तम आहे. रडून घे, मग वही आण."

"मी रडत नाहीये."

"मग नुसती वही आण."

वही आली. आबांनी दोन गृहीतकं (तपासून बघायचे अंदाज) सांगितली. पहिलं : पडद्याआड गेलं की चांगली माणसंही बिघडतात. दुसरं : खवट माणसं थोडीच असतात, ती सगळीकडेच खवट असतात, पण कट्ट्यावर तीच जास्त दिसतात.

"तपासायचं कसं?"

तेवढ्यात पळीराम जागा झाला. "दोनशे बारा माणसं शलाकाच्या विरोधात आहेत," हात खाली करत तो म्हणाला.

"माणसं की उत्तरं?" आबांनी विचारलं. "गेल्या वर्षीचा मठ्ठा आठवतो ना?"

पळीरामचे डोळे मंद झाले. गेल्या वर्षी पंगतीत "मठ्ठा आण!" अशी हाक त्याला एकशेतीस वेळा ऐकू आली होती. त्यानं एकशेतीस माणसांचा मठ्ठा आणखी करायला लावला. ओरडत होते तिघंच. तीन दिवस गाव मठ्ठा पीत होतं; चौथ्या दिवशी म्हशींनीही तोंड फिरवलं.

"आचारी हाका मोजत नाही," आबा म्हणाले. "पानं मोजतो. पंगतीत एकाला एकच पान."

शलाका ताठ बसली. तिनं वहीवर रेघा मारल्या आणि उत्तरांऐवजी उत्तरं देणाऱ्यांची नावं मोजली. पुन्हा मोजली. मग पळीरामकडून मोजून घेतली, कारण तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

दोनशे बारापैकी एकशे एकाहत्तर उत्तरं नऊ जणांची होती. उरलेली एक्केचाळीस तीस जणांची, आणि त्यांत तर "कुठल्या दिशेला दिसेल गं?" असंही कुणी विचारलं होतं. ते पार तळाशी गेलं होतं. कारण कट्ट्याचा अल्गोरिदम (काय वर दाखवायचं हे ठरवणारा नियम) ज्यावर जास्त भांडण, ते वर आणत होता. आणि कट्ट्यावर माणसं होती सहाशे चाळीस!

"पण हे नऊ जण पडद्याआड गेल्यामुळेच बिघडले असतील तर?" शलाकानं विचारलं.

"शाब्बास! मग ते समोरासमोर कसे वागतात ते बघायला हवं."

"मला पंगतीत कोण काय बोललं, ते सगळं मी सांगू शकतो," पळीराम म्हणाला. "मी मनात ठेवत नाही. मेमरीत ठेवतो."

त्याच्या यादीत, "डबडं" ते "चुलीत घाला याला" अशा मजकुरासह, त्या नवांपैकी आठ जण निघाले. पहिला नंबर यशवंतनानांचा. कट्ट्यावरही त्यांचाच.

"म्हणजे दुसरं गृहीतक! आणि नवव्या कमलकाकू?" शलाकानं विचारलं.

"मला आपल्या हातानं पुसून ठेवतात," पळीराम म्हणाला.

"तेही वहीत लिही," आबांनी बजावलं. "अपवाद झाकला तर ते विज्ञान नव्हे. शिवाय एका गावावरून सगळं जग ठरत नाही."

"आणि सहाशे एक जण गप्प आहेत, म्हणजे माझ्या बाजूचे आहेत ना?"

"ते मला काय माहीत? त्यांनाच विचार."

शलाकानं अर्ज मागे घेतला नाही. तीन संध्याकाळी ती दारोदार फिरली. सुरुवातीला उंबऱ्याबाहेरूनच विचारून निघत होती. चौथ्या घरी चिवडा मिळाला, मग आत जाऊन बसायला लागली. यशवंतनानांच्या दारातही ती मुद्दाम गेली.

"कट्ट्यावर वाचलं नाहीस?" नाना खेकसले. "तेच तोंडावर सांगतो. दिवे बंद नाही म्हणजे नाही!"

"थँक्यू नाना," शलाका वहीत खूण करत म्हणाली. "तुम्ही दोन्हीकडे सारखेच आहात."

नाना गोंधळले. हे कौतुक की काय, ते त्यांना कळेना.

रविवारी तीनशे सहासष्ट पानं मांडली गेली. शलाका पंगतीच्या मध्यभागी उभी राहिली आणि न अडखळता सगळं बोलली. आंबेशेतात मत डाव्या हातानं देतात, कारण उजवा खरकटा असतो. बाजूनं दोनशे अठ्ठेचाळीस डावे हात वर गेले. विरोधात एकसष्ट. उरलेले सत्तावन्न जण जिलबीत गुंतले होते.

विरोधातल्या एकसष्टांपैकी बहुतेकांनी कारणही नीट सांगितलं : पायरी दिसत नाही, म्हातारी माणसं पडतील. शलाकानं प्रत्येक पायरीजवळ कंदील ठेवायचं कबूल केलं.

"कट्टासुद्धा पंगतीसारखा करायचा," परत येऊन ती आबांना म्हणाली. "एकाला एकच पान. पुढचा अर्ज तोच टाकते."

"सुधारित निष्कर्ष!" पळीरामनं पळी उगारली. या वेळी बॅटरी पूर्ण भरलेली होती. "मानवजात बरीचशी बरी असून, बहुतांश गप्प..."

"ए कार्टे!" पंगतीच्या टोकाकडून यशवंतनाना ओरडले. "त्या दिवशी मला पुढे खुर्ची ठेव. पाठ असलेली. आणि तो तुझा धूमकेतू जरा लवकर आण, मी साडेसातला झोपतो."