रडकी भुतं

उल्का मिराशीने डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि खुर्चीत मागे सरकून बसली. डब्यात बिस्किटांची भुतं होती. पांढऱ्या आयसिंगची, हात पसरलेली, चांगली गुटगुटीत भुतं. पण प्रत्येकाच्या डोळ्यांतून काळा ओघळ खाली उतरला होता, काजळ फिसकटावं तसा.

नकुलला वाटलं, मुद्दामच केलंय. "भारी आहेत," तो म्हणाला. "रडणारी भुतं. हॅलोवीनला एकदम फिट."

उल्काने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्याने गिळून टाकलं.

"ती हसरी भुतं होती," आश्लेषा म्हणाली. "तोंडाचे कोपरे बघ."

लंडनच्या हॅरो भागात, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आश्लेषा गद्रेचं ऑफिस होतं. आधी ती एका विमा कंपनीसाठी खोटे क्लेम हुडकायची. आता लोकांची खासगी कामं घेत होती. नकुल तिचा मावसभाऊ. नोकरी सुटल्यापासून तो तिची गाडी चालवायचा आणि न मागता मतं द्यायचा. दुसरं काम तो जास्त मन लावून करायचा, हे तिने त्याला अनेकदा सांगितलं होतं.

"काल सकाळी मी ही सगळी भुतं सजवून डायनिंग रूममध्ये जाळ्यांवर वाळत ठेवली," उल्का सांगू लागली. "निघताना खिडकी थोडी उघडली, हवा लागावी म्हणून. सेंट्रल लंडनला एका टी-रूमच्या मॅनेजरला सॅम्पल दाखवायचं होतं. संध्याकाळी आले तर खिडकी बंद आणि भुतं अशी. जाळीवर, रांगेत, जिथल्या तिथे. आणि सगळी रडतायत!"

"घरात कोण होतं?"

"सासूबाई. आणि जयंत, माझा नवरा. पण तो वर, घरूनच काम करतो. दुपारी ईशिता येऊन गेली. आम्ही दोघी मिळून हा बिझनेस चालवायचो, गेल्या महिन्यात भांडून वेगळ्या झालो."

"संशय कोणावर?"

"सासूबाईंवर. दिवाळी तोंडावर आलीय आणि सुनेने घरात भुतं काय मांडलीयत, यावरून परवाच आमचं वाजलं होतं. काल विचारलं तर म्हणाल्या, 'झालं असेल माझ्या हातून.' असेल म्हणजे काय हो? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, या घरात एकतर त्या राहतील, नाहीतर मी. जयंतने तिथल्या तिथे कार्डिफचं तिकीट काढलं, शशीकडे, माझ्या धाकट्या दिराकडे. उद्या सकाळी त्या जाणार. कायमच्या."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"बिस्किटं काय, पुन्हा करता येतील. पण त्यांनी केलं नसेल, तर सत्तरी उलटलेल्या बाईला मी घराबाहेर काढतेय. काल डोळ्याला डोळा नाही माझ्या. मला उद्याच्या आत खात्री हवी."

आश्लेषाने एक भूत उचलून वाकवलं. ते तुटलं नाही, नुसतंच वाकलं. मग तिने ते खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. आयसिंगवर बारीक बारीक खळगे होते, एकसारखे.

"हे डिझाइन तुमचं?"

"छे! माझं आयसिंग गुळगुळीत असतं."

"कोणीतरी स्प्रेने पाणी मारलंय," नकुलने निकाल दिला.

"मग थेंबांचे डाग पडले असते. आणि बिस्कीट खालून मऊ झालं नसतं. गाडी काढ."

मिराशींच्या घरात शिरल्या शिरल्या जिन्यापाशी बॅग दिसली, भरून तयार. सुलक्षणाबाई स्वयंपाकघरात होत्या. रडलेल्या वगैरे नव्हत्या. उद्या घर सोडायचंय आणि बाई आल्यागेल्याला चहा टाकतेय, याचं नकुलला नवल वाटलं.

"बाबा रे, तेवढी साखरेची बरणी काढतोस?" त्या नकुलला म्हणाल्या. "उल्काने भरून वर ठेवली वाटतं. उन्हाळ्यापासून खांदा धरलाय माझा. हात कानाच्या वर जाईल तर शपथ."

नकुलने टाचा उंचावून बरणी काढली. शेजारच्या मोठ्या स्टीलच्या डब्याला धक्का लागला आणि तो ठणकन वाजला.

चहासोबत चकल्या आल्या, प्लास्टिकच्या पिशवीतून काढून बशीत. नकुलने पहिली तोंडात टाकली आणि शिष्टाचार म्हणून चावत राहिला. चकली मऊ पडली होती. आश्लेषाकडून थोडा चहा सांडला. तिने किचन रोलचा कागद फाडून तो पुसला, आणखी एक कोरा कागद फाडला, तो बोटांनी चाचपला आणि चक्क पर्समध्ये टाकला.

"काकू, चकल्या घरच्या?"

सुलक्षणाबाईंचा चेहरा उजळला. "मग! इथल्या हवेत फार सांभाळावं लागतं गं. तळल्या की परातीत पसरायच्या. पार गार झाल्याशिवाय झाकण म्हणून लावायचं नाही. आत वाफ धरली की मेल्या त्या. पण एकदा गार झाल्या की लगेच घट्ट डब्यात, नाहीतर सादळतात."

"आणि या पिशवीत कशा?"

बाई थबकल्या. "असंच," म्हणाल्या आणि गॅसकडे वळल्या.

"काल नेमकं काय झालं तुमच्या हातून?"

"ते आता आठवत नाही."

"त्या भुतांचा राग होता तुम्हाला?"

"राग कसला? आवडत नाहीत, एवढंच. सणासुदीला कशाला ती घरात? पण आवडत नाही म्हणून कोणाचं केलेलं बिघडवायचं? तसली नाही हो मी."

म्हणजे केलंही आणि नाहीही! नकुलला काही कळेना.

जयंत खाली आला तो दारातल्या दिव्याला डोकं लागू नये म्हणून वाकतच. चांगला सव्वासहा फूट माणूस. आईकडे न बघता तो टेबलाच्या कडेवर टेकला.

"मी दिवसभर वरच होतो. बॅक टू बॅक कॉल्स. लंचसुद्धा डेस्कवर केला. मला विचाराल तर कोणी काही केलेलं नाहीये. डायनिंगची खिडकी उघडी होती, त्यात दुपारी पाऊस आला. दमट हवेने झालं असेल."

"मग आईंचं तिकीट का काढलंत?"

"घरात शांतता हवी म्हणून," तो म्हणाला. कान लाल झाले होते.

ईशिता दोन गल्ल्या सोडून राहायची. दार उघडलं तेव्हा तिच्या हातांना केशरी रंग लागला होता. आत भोपळ्यांची बिस्किटं वाळत होती.

"माझे आयसिंगचे नोझल तिथे राहिले होते, ते घ्यायला गेले. काकूंनी दारातच आणून दिले. चहाला थांब म्हणाल्या, पण कोणत्या तोंडाने थांबणार?"

"असे ओघळ कशाने येतात?" आश्लेषाने सोबत आणलेलं एक भूत पुढे केलं.

"अगं, आयसिंगला वाळायला उघडी हवा लागते. वरून सुकल्यासारखं दिसतं, पण आतून ओलंच असतं. त्यावर झाकण घातलं की काळा रंग पांढऱ्यात उतरतो. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"म्हणजे कसं बिघडवायचं ते तुला पक्कं ठाऊक आहे," नकुल म्हणाला. स्वतःवर तो बेहद्द खूश होता.

ईशिताने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "मला बिघडवायचंच असतं तर नुसता हात फिरवला असता सगळ्यांवरून. अर्ध्या मिनिटाचं काम." मग दार लावता लावता तिने विचारलं, "उल्का बरी आहे ना?"

गाडीत बसल्यावर नकुल म्हणाला, "हीच. धंद्यातली खुन्नस."

"चकली कशी होती?"

"मऊ. आता चकलीचं काय मध्येच?"

"तू उत्तर चावून चावून खाल्लंस, नकुल. चल, परत तिकडेच."

सगळे स्वयंपाकघरात बसले. सुलक्षणाबाई आणि उल्का टेबलाच्या दोन टोकांना, जयंत उभाच.

आश्लेषाने पर्समधला किचन रोलचा कागद काढून एका भुताशेजारी ठेवला. कागदावरचे फुगीर ठिपके आणि आयसिंगवरचे खळगे जुळत होते.

"ही भुतं काल दुपारी जाळीवर नव्हती. एकावर एक थर लावून, मध्ये हा कागद घालून, कशाततरी बंद केली होती. म्हणून ती खालूनसुद्धा मऊ पडली, म्हणून डोळे ओघळले. नंतर कोणीतरी ती पुन्हा रांगेत मांडली. नकुल, वरचा डबा काढ."

नकुलने डबा काढून उघडला. चकलीचा, तिखटाचा वास यायला हवा होता. आला तो व्हॅनिलाचा.

"चकल्या पिशवीत का गेल्या, ते हे. डबा रिकामा करायचा होता. आता, ज्याला बिघडवायचं असतं तो थरांमध्ये कागद घालत बसत नाही. ईशिता म्हणाली ते खरं, हात फिरवला की काम झालं असतं. शिवाय ती दाराच्या आत आलीच नाही. ज्याने हे केलं तो भुतं बिघडवत नव्हता, जपत होता."

उल्काने सासूकडे पाहिलं. "आई, म्हणजे तुम्ही चांगल्यासाठीच..."

"नाही," आश्लेषा म्हणाली. "तयार होण्याआधी झाकण लावू नये, हे त्यांनीच मला आत्ता शिकवलं. त्यांनी चकल्या पिशवीत ओतल्या नसत्या. आणि त्यांचा हात कानाच्या वर जात नाही. साखरेची बरणी नकुलला काढावी लागली, मग डबा वर कोणी ठेवला?"

उल्काची नजर वरच्या फळीकडे गेली. आश्लेषा पुढे म्हणाली,

"घरात असा एकजण आहे ज्याने लहानपणापासून 'झाकण लावा, सादळेल' एवढंच ऐकलं. अर्धंच ऐकलं. तो दिवसभर वर होता म्हणतो. पण उल्काने निघताना उघडलेली खिडकी पाऊस आला तेव्हा उघडीच होती, हे वर बसलेल्याला कसं कळलं?"

जयंतने मान खाली घातली.

"पाऊस आला म्हणून खिडकी लावायला उतरलो," तो म्हणाला. "बिस्किटांना हात लावून बघितला, वाळलेली वाटली. म्हटलं सादळतील. तुझी मेहनत वाया जाईल म्हणून, उल्का, खरंच. कॉल संपल्यावर डबा उघडला तर सगळी अशी. घाबरलो आणि परत मांडून ठेवली."

"बिस्किटं जाऊ दे रे!" उल्काचा आवाज चिरकला. "मी आईंना नको नको ते बोलत होते तेव्हा तू इथेच उभा होतास. याच जागी! आणि वर तिकीट काढलंस?"

नकुलला जयंतकडे बघवेना.

"तुम्हाला माहीत होतं, काकू," आश्लेषा म्हणाली.

"पिशवीतल्या चकल्या दिसल्या तेव्हाच," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "लहानपणी कप फुटला की तुकडे जुळवून जिथल्या तिथे ठेवायचा हा. हात लावला की कळायचं."

"मग बोलला का नाहीत, आई?" उल्का उठून त्यांच्यापाशी गेली. "माझं सगळं ऐकून घेतलंत!"

"तो बोलेल म्हणून थांबले. काल थांबले. आज बॅग भरतानाही थांबले होते." एवढं म्हणताना मात्र त्यांचा आवाज हलला.

उल्काने डोळे पुसले, तडक जिन्यापाशी गेली आणि बॅग उचलून वर न्यायला लागली.

"खालीच असू दे ती," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "उद्या जाणार मी."

"आई, नको ना! चुकलं माझं. माफ करा मला."

"अगं, शशीकडे चार दिवस राहून येते. त्यालाही बरं वाटेल. आणि आल्यावर तुझी ती भुतं कशी काढतात ते बघेन एकदा, दुरून." मग त्या मुलाकडे वळल्या. "जयंता, काल फार घाई झाली तुझी. परतीचं तिकीट राहिलं."

"काढतो, आई. संध्याकाळी..."

"आत्ता. माझ्यासमोर."

जयंतने खिशातून फोन काढला. उल्का बॅग खाली ठेवून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिकीट निघेपर्यंत स्क्रीनवरून नजर हलवली नाही.